दोनशे चौदा सोबती आणि एक खुर्ची

"आजाऱ्याकडे जाताना हात रिकामे असले तरी चालतील, पण वेळ मात्र मोकळा घेऊन जा. जाऊन बस. विचारलं तर बोल. नाही विचारलं तर नुसती बस."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या स्वतःच अंथरुणावर होत्या, आणि मी त्यांच्या उशाशी बसून तिसऱ्यांदा विचारत होते की पाणी हवं का, उशी सरळ करू का, खिडकी लावू का. त्याला बारा वर्षं झाली. आवाज अजून कानात आहे. सांगितलेलं मात्र मी मोडलं. तेही रोज पहाटे पाच वाजता, आंघोळ करून, दिवा लावून, अगदी मनोभावे मोडलं. त्याबद्दल मला इस्पितळाकडून प्रमाणपत्र मिळालेलं आहे.

झालं ते क्रमानं सांगते.

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या ताईंना, कॅन्सर निघाला. ताई घड्याळं दुरुस्त करतात. सासऱ्यांचं दुकान त्यांनीच पुढे चालवलं. पुढे काचेचं कपाट, मागे एक खोली, आणि त्या खोलीत ताई एकट्या. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दोन घड्याळं शेजारी ठेवून बघा, चार दिवसांत त्यांचं पटेनासं होतं." ऑपरेशन झालं आणि पुढे सहा डोस ठरले, दर तीन आठवड्यांनी एक. तेव्हा ताईंनी मला विचारलं, "वहिनी, डोसाच्या दिवशी येशील? काही करायचं नाही. शेजारी बसायचं." मी येईन म्हटलं. "सहाही वेळा?" सहाही वेळा. हे बोलताना माझ्या हातात माळ होती, त्यामुळे ते नुसतं बोलणं राहिलं नाही.

आमच्या ह्यांनीही त्याच दिवशी जाहीर केलं, की ताईला एकटी पाडणार नाही असा शब्द मी आईला दिलाय. ह्यांचा बहिणीवर जीव आहे, पण आजारपण ह्यांना बघवत नाही. इस्पितळाच्या पायरीवरच ह्यांना गरगरायला लागतं. त्यामुळे ताईंच्या दुखण्यात ह्यांनी दुकानाचा नळ बदलला, दिव्याचं बटण बदललं, दाराला तेल घातलं. ताईंच्या समोर मात्र कधी बसले नाहीत.

पहिल्या दोन डोसांना मी गेले. लांबट खोली, एका रांगेत अकरा पसरट खुर्च्या, प्रत्येकीला सलाईनचा खांब, आणि प्रत्येकीशेजारी नातेवाइकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. ताई नळीतले थेंब मोजायच्या. "मिनिटाला बावीस," त्या म्हणाल्या, "या इमारतीत वेळेवर चालणारी ही एवढीच गोष्ट." चार तासांत आम्ही सहा-सात वाक्यं बोललो असू. परत येताना त्या म्हणाल्या, बरं वाटलं. मला मात्र चुटपुट लागून राहिली, की आपण चार तास नुसतं बसून आलो, केलं काहीच नाही. माझी ही चुटपुट लक्षात ठेवावी. पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

तिसऱ्या डोसाच्या आधी इस्पितळाचं पत्र आलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, उपचाराधीन रुग्णांच्या सर्वंकष आधारासाठी "सोबत" हा प्रकल्प कार्यान्वित करण्यात येत असून, प्रत्येक रुग्णास मनगटी पट्टा देण्यात येईल.'

पट्ट्यामागची कल्पना मला डॉक्टरांनी स्वतः समजावून सांगितली होती, आणि ती चांगली होती. पेशंट तीन आठवड्यांनी एकदा येतो, कसं वाटतंय विचारलं की बरं आहे म्हणतो आणि जातो. मधले वीस दिवस तो किती चालला, किती झोपला, हृदय कसं पळतंय, हे कुणालाच माहीत नसतं. पट्टा ते मोजतो. चालणं अचानक कमी झालं तर इथून सिस्टर फोन करते. बास, एवढंच. हे ऐकून मला त्या पट्ट्याबद्दल आदर वाटला, आणि तो आजही आहे. पट्ट्यानं काहीच बिघडवलं नाही. फक्त मध्ये तो समितीकडे जाऊन आला.

समितीला असं दिसून आलं, की पट्टा रुग्णाची माहिती बाहेर आणतो, पण बाहेरच्यांचं प्रेम आत नेत नाही. ही उणीव ताबडतोब दूर करण्यात आली. रुग्णाचे नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतक यांनी आपापल्या मोबाइलवर 'सोबती' म्हणून नाव नोंदवायचं. मग त्यांना रुग्णाची पावलं, झोप आणि नाडी दिसणार, आणि खाली एक हिरवं बटण, 'धीर द्या'. बटण दाबलं की रुग्णाच्या मनगटावर पट्टा दोनदा थरथरतो आणि त्यावर एक छोटंसं हृदय उमटतं.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. 'प्रत्यक्ष उपस्थितीची आवश्यकता संपुष्टात आल्याने नातेवाइकांच्या खुर्च्या काढून त्या जागी पट्टे चार्ज करण्याचे स्टँड बसविण्यात आले आहेत.'

तिसऱ्या डोसाला मी गेले तेव्हा खरंच खुर्ची नव्हती. मी स्टँडशेजारी उभी राहिले. अर्ध्या तासानं प्रकल्पाचे समन्वयक आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं इतकं मऊ की रागावताही येऊ नये. ते म्हणाले, मावशी, उभ्या नातेवाइकांमुळे वाट अडते, आपण खाली जाऊन सोबत करा ना. मी खाली गेले आणि तळमजल्यावरच्या बाकावर बसून ताईंना एकोणीस वेळा धीर दिला. समन्वयक वरून उतरले तेव्हा माझी नोंद दाखवून म्हणाले, बघा, उभं राहून हे झालं असतं का?

घरी आल्यावर मला फार समाधान वाटलं. पहिल्यांदाच आपण काहीतरी केलं असं वाटलं.

ह्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर सोबती करून घेतलं. परदेशातले धाकटे भावजी, त्यांच्या ऑफिसमधली माणसं, आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आणि त्यांच्यामुळे सगळी इमारत, माझ्या माहेरचे, ताईंची जुनी गिऱ्हाइकं. आठवडाभरात ताईंचे दोनशे चौदा सोबती झाले. एकट्या राहणाऱ्या बाईला एवढी माणसं आहेत हे पाहून ह्यांचे डोळे भरून आले. आईला दिलेला शब्द पाळला गेला, असं म्हणून हे निवांत झोपले.

मी नेमाची बाई आहे. एखादी गोष्ट धरली की ती रोज, ठरल्या वेळी, ठरल्या संख्येनं व्हावी लागते, नाहीतर जेवण जात नाही. म्हणून मी असं ठरवलं की पहाटे पाचला देवासमोर बसल्यावर एक माळ देवाची झाली, की दुसरी माळ ताईंची. एक मणी, एक धीर. ताप असो, पाहुणे असोत, मी एक दिवस चुकवला नाही. पंधरवड्यात सोबत्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर गेलं आणि नावापुढे एक पिवळी फीत आली, 'सुवर्ण सोबती'. भावजी दुसरे होते. त्यांचा परदेशातून फोन आला, वहिनी, तुमचा हात कुणी धरू शकत नाही. खरं सांगते, देवासमोर बसून मला अभिमान झाला. नंतर मी त्याबद्दल क्षमाही मागितली. पण यादी बघायची सोडली नाही.

चौथा डोस झाला. मी घरूनच सोबत केली. आणि त्यानंतर ताईंची झोप घसरायला लागली. आधी पाच तास, मग चार, मग अडीच. मोबाइलवर लाल पट्टी आली. 'आपल्या रुग्णाची झोप अपुरी आहे. त्यांना अधिक धीराची गरज आहे.'

आता सांगा, असं वाचल्यावर कोण स्वस्थ बसेल? मी संध्याकाळीही एक माळ सुरू केली. ह्यांनी फोनवर सगळ्यांची बैठक घेतली. सेक्रेटरींना पार्किंगच्या पाळ्या लावायचा अनुभव होता, त्यांनी तक्ता करून दिला. दिवसाचा एकही तास धीराविना जाऊ नये. रात्रीचं काय, असा प्रश्न आला, तेव्हा भावजी म्हणाले, तुमची रात्र म्हणजे आमचा दिवस, रात्र आमच्या ऑफिसकडे लागली. सगळ्यांनी त्यांना हृदयं पाठवली.

ताईंची झोप दोन तासांवर आली. लाल पट्टी आता दिवसातून तीनदा येऊ लागली, आणि दर वेळी दोनशे चौदा माणसं कळवळून बटणाकडे धावू लागली.

याच सुमारास पट्ट्यात पावलं वाढलेली दिसली. पट्टा थरथरला की ताई दचकायच्या, हात झटकला जायचा आणि पट्टा त्याचं एक पाऊल मोजायचा. इस्पितळाचं पत्र आलं. 'रुग्ण मध्यरात्री ते पहाटे या कालावधीत सरासरी दोन हजार तीनशे पावले चालत असल्याचे निदर्शनास आले आहे. झोपेत चालण्याची शक्यता गृहीत धरून नातेवाइकांनी दाराचा बंदोबस्त करावा.' हे हत्यारांची पेटी घेऊन गेले आणि ताईंच्या खोलीला बाहेरून कडी बसवून आले. ताई अंथरुणातून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या म्हणे, "स्क्रू घट्ट बसलाय, हात चांगला आहे तुझा." ह्यांना ते कौतुक वाटलं. इस्पितळानं समाधान व्यक्त केलं, की रुग्णाची हालचाल इतर रुग्णांच्या दुप्पट आहे.

ताईंनी एकदा पट्टा काढून ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावणं आलं. आकडे नाहीत तर तब्येत कशी कळणार, आणि तब्येत कळल्याशिवाय डोस कसा देणार? तब्येत समोरच बसली होती, पण तिच्याकडे बघायची सोय टॅबमध्ये नव्हती. ताईंनी पट्टा पुन्हा घातला.

पाचवा डोस कसाबसा झाला. त्या दिवशी सिस्टरचा मला फोन आला. ही सिस्टर वयानं माझ्याएवढी, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "अहो, यांना झोप नाही. झोप नाही म्हणून रक्त सुधारत नाही. असंच राहिलं तर सहावा डोस पुढे जाईल, आणि शेवटचा डोस पुढे ढकलणं बरं नाही. घरी कोण असतं यांच्याजवळ?" मी अभिमानानं सांगितलं, दोनशे चौदा जण. तिनं विचारलं, "आणि पाणी कोण देतं?"

मला तिचं बोलणं जरा तुसडंच वाटलं. मी त्या दिवसापासून तिसरी माळ धरली.

सहाव्या डोसाचा दिवस उजाडला, आणि नेमकं त्याच दिवशी 'सोबत' प्रकल्पाचा गौरव समारंभ ठेवला होता. समारंभ इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या सभागृहात, डोस चौथ्या मजल्यावर, दोन्ही अकरा वाजता. मी समन्वयकांना विचारलं, मला वर जायला हवं ना, मी तसं कबूल केलंय. ते मऊपणे म्हणाले, मावशी, आपण खालीच असणार, म्हणजे एकाच इमारतीत. हे तर सोबतीपेक्षाही जवळ झालं.

सभागृहात मोठा पडदा होता. माझं नाव पुकारलं. शाल आली, प्रमाणपत्र आलं, फोटो झाला. मग समन्वयक माइकवर म्हणाले की ज्यांच्यामुळे हा गौरव होतोय त्यांना आपण विसरायचं नाही, आणि पडद्यावर ताईंची नाडी आली. वर चौथ्या मजल्यावर त्यांचं हृदय चाललेलं आम्ही खाली बसून बघत होतो. "चला, सगळे मिळून धीर देऊ या." सभागृहातल्या प्रत्येकाला त्या दिवसापुरतं सोबती करून घेतलेलं होतं. तीनशे माणसांनी एकदम मोबाइल काढले. भावजीही परदेशातून सामील झाले. नाडी चौऱ्याण्णववरून एकशे दहावर गेली. सभागृहात टाळ्या. एकशे बावीस. "बघा, प्रतिसाद देतायत," समन्वयक म्हणाले. एकशे छत्तीस. लोक उभे राहिले.

तेवढ्यात सभागृहाचं दार उघडून सिस्टर आत आली. हातात रबरी मोजे तसेच. ती काही ओरडली नाही. सरळ मंचाशी आली आणि तिचं साधं बोलणंही माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं, "मघापासून शीर सापडत नाहीये. चार ठिकाणी टोचलं. मनगट थरथरतंय. कोण करतंय हे?"

तीनशे लोकांनी खाली बघितलं. एकाही माणसानं मोबाइल खिशात ठेवला नाही. घाईत कुणाचं तरी बटण पुन्हा दाबलं गेलं आणि पडद्यावर आणखी एक हृदय उमटलं.

डोस त्या दिवशी झाला नाही. नाडी मर्यादेबाहेर. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांच्या आत व्हायलाच हवा, आणि त्याआधी सलग तीन रात्री किमान पाच तास झोप हवी, अंगात तेवढं बळ येऊ दे.

मी शाल पिशवीत लपवून वर गेले. ताईंच्या हातावर चार बोळे चिकटवलेले होते. खुर्ची नव्हती म्हणून मी त्यांच्या पायाशी टेकले. त्या म्हणाल्या, "वहिनी, एक सांगू? ती दिवसभराची थरथर वाट्टेल तशी येते. ती सोसते मी. पण पहाटे पाचला एक माणूस येतं. शंभरावर थोडे ठोके, प्रत्येकात सारखं अंतर, एकही चुकत नाही. घड्याळाच्या कारागिराला असं माणूस भेटणं म्हणजे भाग्यच. फक्त मला साडेचारला कुठे डोळा लागतो गं. त्या माणसाला सांगशील, तासभर थांब म्हणावं?"

मी सांगेन म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या सलाईनच्या रिकाम्या नळीकडे बघत होत्या. मी माझा हात पदराखाली घेतला. त्या हातात माळ होती.

"घड्याळाला किल्ली द्यावी," त्या पुढे म्हणाल्या, "पण सगळ्या गावानं देऊ नये."

घरी येऊन मी धीर थांबवण्याच्या मागे लागले. ते धीर देण्याइतकं सोपं नव्हतं. 'धीर मागे घेण्याचा अर्ज' असा एक नमुना होता, आणि त्यात कारणांचे तीनच पर्याय होते: रुग्णाशी संबंध बिघडले, सोबती मयत, रुग्ण मयत. चौथं कारण लिहायला जागा नव्हती. समन्वयकांना फोन केला. ते म्हणाले, मावशी, आपला धीर कमी झाला तर रुग्णाची नोंद 'एकाकी' म्हणून होईल, आणि एकाकी रुग्णांना नियमाप्रमाणे आणखी शंभर सोबती देण्यात येतात.

मग मी सोबत्यांच्या मोबाइलवरच्या गटावर लिहिलं, की ताईंना झोप हवी आहे, सगळ्यांनी आठ दिवस बटण दाबू नये. सगळ्यांना पटलं. पटलं हे कळवायला सगळ्यांनी बटण दाबलं. भावजींचा आवाज फोनवर खरंच जड झाला होता, ते म्हणाले, असं एकदम थांबलो तर तिला वाटेल आपण विसरलो. सेक्रेटरींनी तोडगा काढला, की 'मौन धीर' पाळायचा, म्हणजे दर तासाला प्रत्येकानं एकदाच बटण दाबायचं, ते मौन चालू आहे हे कळण्यासाठी.

शेवटी मार्ग सिस्टरनं काढला. तिनं प्रकल्पाची नियमावली बसून वाचली. ती वाचणारी बहुधा पहिलीच. कलम चौदा: 'पट्टा चार्जिंगवर असल्यास, त्या कालावधीत रुग्णाजवळ प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या नातेवाइकाची लेखी नोंद ग्राह्य धरण्यात येईल.' हे काढून टाकायचं राहून गेलं असणार, असं ती म्हणाली. समन्वयकांनी 'प्रत्यक्ष उपस्थित' म्हणजे नेमकं काय, हे विचारायला वर फोन लावला. वरच्यांनाही सांगता येईना. पण कलम होतं. एक अट मात्र होती. नोंद निःपक्षपाती राहावी म्हणून सलग तीन रात्री एकाच नातेवाइकाची चालणार नाही. किमान दोघं हवेत.

पहिल्या दोन रात्री मी गेले. पट्टा ताईंनी दुकानातल्या खणात चार्जिंगला लावला, बंद घड्याळांच्या मधोमध, आणि खण लोटून घेतला. खण अधूनमधून गुणगुणायचा. ताईंनी विचारलं, "बसणारेस?" मी म्हटलं, बसणार आहे. मग त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही नाही. पहिल्या रात्री सव्वापाच तास. दुसऱ्या रात्री सहा तासांना दहा मिनिटं कमी. पहाटे पाचला मी माळ ओढली, पण हात पदराखाली ठेवून. वहीत नोंद केली आणि खाली सही केली. माझ्या नावापुढची पिवळी फीत त्या दोन दिवसांत गेली. यादीत मी दोनशे चौदावी झाले. मोबाइलनं मला कळवलं, की आपण आपल्या रुग्णाला विसरत तर नाही ना?

तिसऱ्या रात्रीसाठी दुसरं माणूस हवं होतं. आज दुपारी मी गटावर लिहिलं. अगदी सोपं करून लिहिलं. काही आणायचं नाही, काही करायचं नाही, ताईंच्या खोलीत एक रात्र खुर्चीवर बसायचं, त्या किती झोपल्या ते वहीत लिहायचं. पत्ता दिला. आज रात्री माणूस मिळालं नाही तर पुन्हा पहिल्या रात्रीपासून मोजावं लागेल, आणि तेवढे दिवस उरलेले नाहीत, हेही लिहिलं.

पाच मिनिटांत हृदयं यायला लागली. सेक्रेटरींनी जोडलेल्या हातांचं चित्रही पाठवलं. माझ्या माहेरच्यांनी लिहिलं, मनानं आम्ही तिथेच आहोत. भावजींनी लिहिलं, वहिनी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. संध्याकाळपर्यंत मी मोजत बसले, कारण मोजायची मला सवय आहे. मी धरून दोनशे चौदा. मी सोडून दोनशे तेरा. हृदयं आली दोनशे बारा.

हे वाचून तुमच्याही मनात कालवाकालव झाली असेल, आणि अंगठा उगाच काहीतरी शोधत असेल. राहू द्या. पत्ता मी वर म्हटल्याप्रमाणे गटावर दिलेला आहे. त्या दोनशे बारांत तुम्ही होतात का, ते मी पाहिलेलं नाही. यादी मात्र माझ्याकडे आहे.

एक हृदय कुणाचं कमी पडलं, ते शोधत मी बाहेरच्या खोलीत आले. ह्यांचा मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. हे दाराशी वाकून चपला शोधत होते. खांद्यावर चादर, बगलेत माझी वही, दुसऱ्या हातात हत्यारांच्या पेटीतला एकच स्क्रू-ड्रायव्हर. चेहरा पांढराफटक, जसा इस्पितळाच्या पायरीवर होतो तसा.

"ती बाहेरची कडी आधी काढतो," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "मग बसतो. काय बोलायचं असतं गं तिथं?"

मी म्हटलं, काही नाही.

ह्यांनी मान हलवली. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरायला लागले, एकेका पायरीवर कठड्याला घट्ट धरून.